जिथे भाषेला बाजार नाही

रायपूरच्या मराठी घरातलं मूल तीन भाषा विशेष प्रयत्नाशिवाय उचलतं. घरात मराठी, शाळेत आणि गल्लीत हिंदी, आणि गोल बाजारात भाजीवालीशी बोलताना छत्तीसगढी. टोमॅटोला पताल आणि कांद्याला गोंदली म्हणतात, हे त्याला कोणी पाठ करायला लावत नाही. आज कानावर पडलेला शब्द परवा पुन्हा पडतो, मग आठवड्यानं, मग एखाद्या महिन्यानं. जे शब्द लागतात ते वरचेवर भेटतात आणि जे क्वचित लागतात ते क्वचित. ही उजळणी बाजारच करून घेतो, आणि ती चालू आहे याचा पत्ताही लागत नाही. चिनी भाषा शिकू पाहणाऱ्या रायपूरकराला नेमकं एवढंच मिळत नाही. शब्दकोश मिळतो, व्याकरण मिळतं, ध्वनिफिती आणि चित्रपटही मिळतात. पण मंगळवारी शिकलेला शब्द शुक्रवारी त्याला वाटेत भेटत नाही. फ्लॅशकार्डचं सॉफ्टवेअर बाजाराचं हे एकच काम करतं, असं माझं म्हणणं आहे. कोणता शब्द पुन्हा केव्हा समोर यावा, हे ते ठरवतं. हे काम फार मोलाचं आहे आणि फार अपुरंही, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवल्या तरच या साधनाचा उपयोग होतो.

या ‘केव्हा’चं महत्त्व प्रयोगानं दाखवणारा पहिला माणूस हर्मान एबिंगहाउस. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो स्वतःच पाठ करायचा आणि काही काळानं त्याच याद्या पुन्हा शिकायला किती वेळ कमी लागतो, हे मोजायचा. १८८५ साली त्यानं प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार एका दिवसानंतर ही बचत जेमतेम एक तृतीयांश उरते आणि महिन्यानंतर सुमारे एक पंचमांश. घसरण सुरुवातीला उभी असते आणि पुढे संथ होत जाते. त्यामुळे पहिली उजळणी लवकर हवी आणि पुढच्या उजळण्या लांबत गेल्या तरी चालतात. यातलं दुसरं विधान आपल्या मनाला सहज पटत नाही. जास्त वेळा घोकलेलं जास्त टिकणार, असंच वाटतं. त्याविरुद्ध मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो १९९३ साली प्रसिद्ध झालेला बाह्रिक कुटुंबाचा. या घरातल्या चौघांनी नऊ वर्षं स्वतःवरच प्रयोग केला आणि परक्या भाषेतल्या तीनशे शब्दजोड्या वेगवेगळ्या अंतरांनी शिकून पाहिल्या. छप्पन्न दिवसांच्या अंतरानं केलेल्या तेरा उजळण्या आणि चौदा दिवसांच्या अंतरानं केलेल्या सव्वीस उजळण्या यांचं फळ जवळपास सारखंच निघालं. म्हणजे अंतर वाढवलं की निम्मे कष्ट वाचतात. दुसरा पुरावा कार्पिकी आणि रोडिगर यांचा, २००८ सालचा. स्वाहिली शब्द एकदा आठवले की ज्यांच्याकडून ते पुन्हा आठवून घेणं बंद केलं, त्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर एक तृतीयांशाच्या आसपास शब्द आठवले. ज्यांच्याकडून आठवून घेणं चालू ठेवलं, त्यांना सुमारे ऐंशी टक्के. शब्द नुसता पुन्हा वाचून हा लाभ झाला नाही. तो मनातून खेचून काढावा लागला.

सॉफ्टवेअर हेच दोन निष्कर्ष कामाला लावतं. पॉल पिम्सलर यांनी १९६७ साली पाच सेकंदांपासून दोन वर्षांपर्यंत वाढत जाणाऱ्या अंतरांची एक पायरी मांडली होती, आणि सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं सत्तरच्या दशकात कागदी कार्डं आणि कप्प्यांची पेटी लोकप्रिय केली. संगणकावरची खरी सुरुवात पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाक यांची. त्यांच्या १९८७ सालच्या गणितात पहिली उजळणी एका दिवसानं, दुसरी त्यानंतर सहा दिवसांनी, आणि पुढचं प्रत्येक अंतर साधारण अडीच पट. हिशेब करून पाहावा: एक, सहा, पंधरा, अडतीस, चौऱ्याण्णव, दोनशे चौतीस. सहाव्या भेटीलाच वर्ष उलटून तीन आठवडे झालेले असतात. डेमियन एल्म्स यांनी २००६ साली आणलेला अँकी हा मोफत कार्यक्रम याच गणिताच्या पायावर उभा राहिला. २०२३पासून त्यात नवी पद्धतही आली आहे. ती शिकणाऱ्याच्या स्वतःच्या चुकांवरून अंतरं बेतते, आणि तिचा कर्ता जॅरेट ये हा चिनी तरुण आहे.

आता पहिला आक्षेप, आणि तो मराठी घरातूनच येणार: ही तर घोकंपट्टी झाली. तिन्हीसांजेला दिव्यासमोर बसून परवचा म्हणणं, पाढे आणि पावकी-निमकी रोज एका सुरात घोकणं, हे आपल्याला नवं नाही. उलट या बाबतीत आपली कीर्ती चीनपर्यंत पोचली होती. सातव्या शतकात भारतात येऊन राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की इथली मुलं आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रं शिकायला घेतात आणि आठ महिन्यांत ती म्हणून दाखवतात. वेदपाठाच्या क्रम, जटा आणि घन या रचना तर उजळणीतही चूक शिरू नये म्हणून रचलेल्या आहेत. मला या परंपरेचा अभिमान वाटतो. तरी तिची मर्यादा मोजता येते, असंही वाटतं. परवच्यात येणारं आणि न येणारं दोन्ही रोज म्हटलं जातं. बे एके बे पक्कं झालेलं मूलही ते वर्षातून तीनशे पासष्ट वेळा म्हणतं, आणि अडलेला एकोणतीसचा पाढाही तितक्याच वेळा. तीस पाढ्यांना आणि रामरक्षेला हे परवडतं. पाच हजार शब्दांना परवडत नाही; एवढं रोज म्हणायला दिवस पुरणार नाही. कार्डांच्या पद्धतीत तेच काम सहा भेटींत होतं, कारण आज काय म्हणायचं नाही, हे तिथे आधी ठरतं. पाठांतराचा तिटकारा असलेल्यांनी हा फरक पाहावा. घोकण्यात तोंड चालतं आणि मन इतरत्र जाऊ शकतं. कार्ड पालटण्याआधी उत्तर आठवावंच लागतं. आणखी एक योगायोग इथे सांगण्यासारखा आहे. चिनी मुलं शतकानुशतकं एक ग्रंथ पाठ करून अक्षरओळख करून घेत आली, त्यात हजार अक्षरं आहेत आणि एकही दोनदा येत नाही. त्याच धर्तीवर संस्कृत शब्द आणि चिनी अक्षरं समोरासमोर मांडणारा एक हजारी कोश इत्सिंगच्या नावावर आहे. समुद्रापलीकडच्या भाषेला आपल्या गावात बाजार नाही ही अडचण त्या चिनी भिक्षूंनाही होती आणि तिच्यावर त्यांनी काढलेला उपायही यादी हाच होता.

पाच हजार हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. चिनी सरकारमान्य एचएसके परीक्षेच्या सहा पातळ्यांच्या रचनेत सर्वांत वरच्या पातळीला तेवढे शब्द धरलेले होते. २०२१च्या नऊ पातळ्यांच्या मानकात अकरा हजारांवर शब्द आणि तीन हजार अक्षरं आहेत. अँकीच्या मूळ मांडणीप्रमाणे रोज वीस नवे शब्द घेतले तर पाच हजार अडीचशे दिवसांत होतात, असं कागदावर दिसतं. पण त्या विसांमागे आधीच्या सगळ्या शब्दांच्या भेटी रांगेत उभ्या असतात, आणि आठवडाभर खाडा झाला की रांग शेकड्यांत जाते. साधन सोडून देणारे पुष्कळ लोक इथेच सोडतात. मला वाटतं दोष साधनाच्या गणितात नसून हावरेपणात आहे. रोज सात शब्द घेणारा दोन वर्षांत पाच हजारांवर पोचतो आणि त्याची रांग आवाक्यात राहते.

शब्द कमी घ्यावेत याला चिनी लिपीचंही एक कारण आहे. प्रत्येक अक्षर हे स्वतंत्र चित्र आहे असं समजून जो कार्डं बनवतो, तो हजार चित्रांत हरवतो. वास्तवात बहुसंख्य अक्षरं दोन भागांची असतात, एक अर्थाकडे बोट दाखवणारा आणि दुसरा उच्चाराकडे. ‘मा’ म्हणजे घोडा. घोड्याच्या चिन्हाशेजारी स्त्रीचं चिन्ह आलं की ‘मा’ म्हणजे आई, आणि वर तोंडाची दोन चिन्हं आली की ‘मा’ म्हणजे शिवीगाळ करणं. इसवी सन १००च्या सुमारास शू शन या विद्वानानं नऊ हजारांवर अक्षरं ५४० घटकांखाली लावून दाखवली होती. हे घटक आधी ओळखीचे झाले तर पुढच्या कार्डांचा भार उतरतो. उच्चारांत मराठी माणसाला आणखी एक सोय आहे आणि ती फार थोडे वापरतात. रोमन लिपीतलं चिनी वाचताना आपण ‘बेइजिंग’ म्हणतो. तिथला खरा उच्चार ‘पेइचिंग’च्या जवळ जातो. प आणि फ, त आणि थ, क आणि ख हा चिनीतला महत्त्वाचा भेद इंग्रजी बोलणाऱ्याला कष्टानं शिकावा लागतो, आपल्या जिभेवर तो आधीच आहे. ‘चाक’मधला आणि ‘चहा’मधला च वेगळा, हेही मराठी कानाला सांगावं लागत नाही. म्हणून कार्डावर उच्चार देवनागरीत लिहावा आणि शेजारी चिनी माणसाचा आवाज जोडावा. आवाज हवाच, कारण सूर आपल्या लिपीत बसत नाहीत. ‘माइ’ तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणं, चौथ्या सुरात म्हणजे विकणं. सूर चुकला तरी ‘आठवलं’चं बटण दाबणाऱ्याला सॉफ्टवेअर अडवत नाही, बाजारात समोरच्यानं लगेच अडवलं असतं.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो मला पहिल्याहून वजनदार वाटतो. संदर्भाशिवाय शिकलेला शब्द हा शब्दच नव्हे, असं पुष्कळ शिक्षक म्हणतात. चिनी शिकलेल्या दोन मराठी माणसांकडे पाहिलं तर या आक्षेपाचं खरं माप कळतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते. कोटणीसांना चिनी भाषा रुग्णांमध्ये आणि सहकाऱ्यांमध्ये राहून मिळाली. डिसेंबर १९४२मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला, तोवर चार वर्षं शब्द त्यांना रोज माणसांच्या तोंडून भेटत होते. त्यांना कुठल्याही कार्डाची गरज नव्हती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट यांची वाट अगदी वेगळी. विमुत्तिमग्ग या ग्रंथाचं मूळ हाती नव्हतं, सहाव्या शतकातलं चिनी भाषांतर उरलं होतं. ते वाचून विसुद्धिमग्ग या दुसऱ्या ग्रंथाशी त्याची तुलना करणारा त्यांचा ग्रंथ १९३७ साली निघाला. बापटांच्या पुण्यात चिनी बाजार नव्हता. त्यांना शब्द भेटत होते ते ग्रंथात, आणि बौद्ध ग्रंथांत तेच पारिभाषिक शब्द पुन्हापुन्हा येत असल्यामुळे ग्रंथच उजळणी करून घेत होता. दोघांच्याही बाबतीत शब्द वाक्यात भेटला, हे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्यावरून कार्ड टाकाऊ ठरत नाही. वाक्यापर्यंत पोचण्याआधीचे पहिले हजार-दीड हजार शब्द आणायचे कुठून, हा प्रश्न उरतोच. तेवढे शब्द नसताना उघडलेलं चिनी पान म्हणजे नुसती काळी दाटी. तिथवर कार्डानं न्यावं आणि पुढे कार्डावर सुटा शब्द न लिहिता आपण वाचत असलेल्या मजकुरातलं पूर्ण वाक्य लिहावं, हे मला पटतं. दुसऱ्यानं बनवलेल्या तयार संचांवर वर्षानुवर्षं विसंबणाऱ्याला हजारो शब्द ओळखता येतात आणि परिच्छेद वाचता येत नाही.

तिसरा आक्षेप आजचा: फोन क्षणात भाषांतर करून देतो, मग रायपुरात बसून चिनी शिकायची कशाला? माझं उत्तर जवळच आहे: रायपूरहून सिरपूर हे गाव सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी १९५०च्या दशकात तिथे उत्खनन केलं आणि आनंदप्रभ भिक्षूचा विहार उजेडात आला. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग कलिंगातून डोंगर आणि अरण्यं ओलांडत वायव्येला अठराशे ली (अंतराचं चिनी माप) चालून कोसल देशात आल्याचं त्याचा वृत्तांत सांगतो. तिथले शंभर संघाराम, दहा हजारांजवळ भिक्षू आणि चाळीस ली घेराची राजधानीही सांगतो. ती राजधानी सिरपूर, असं छत्तीसगढमध्ये अनेक जण मानतात. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं चांदा-भांदककडे बोट दाखवलं होतं. हा वाद दिशा, अंतर आणि नावांच्या चिनी अक्षरांवर चालतो, आणि भाषांतर हातात घेणारा भाषांतरकारानं आधीच केलेली निवड वाचत असतो. फोननं दिलेल्या वाक्यात शंका कुठे होती, ती खूणही राहत नाही. आपल्या दारच्या गावाबद्दल जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वीचा परका साक्षीदार काय म्हणतो, हे स्वतः वाचता यावं असं वाटणं मला पुरेसं कारण वाटतं, आणि त्या वृत्तांतातलं कोसलाचं प्रकरण हा रायपूरकरानं स्वतःच्या हातानं बनवायचा उत्तम कार्डसंच आहे.

आणि ज्या नियमानं चिनी शब्द टिकतात त्याच नियमानं रायपुरात मराठी शब्द जात आहेत, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही. १७५८मध्ये नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी रतनपूरला आले तेव्हापासून या मुलुखात मराठीला दरबार होता. पुढे मध्यप्रांत आणि वऱ्हाडात नागपूर राजधानी होती, १९५०च्या कायद्यानं हिंदीबरोबर मराठीही राजभाषा झाली. शाळा, कचेरी, नागपूरची गाडी, सगळीकडे शब्द भेटत होते. माधवराव सप्र्यांनी १९००मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हिंदीत काढला आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेलं, ते दोन्ही बाजार चालू होते म्हणून. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूरच्या मराठीच्या भेटी लांबत गेल्या. स्वयंपाकघरातले आणि सणावारांचे शब्द राहिले, कारण ते रोज किंवा दर वर्षी फिरून येतात. शेतीचे, हिशेबाचे, पत्रव्यवहाराचे शब्द ज्यांच्या घरात वीस-वीस वर्षं भेटले नाहीत, त्यांच्याकडून ते गेले. बाह्रिकांनीच १९८४ साली शाळेत स्पॅनिश शिकलेल्या शेकडो लोकांची पाहणी केली होती: पहिली तीन ते सहा वर्षं शब्द झपाट्यानं गळतात, आणि त्यानंतर जे उरतं ते पंचवीस-तीस वर्षं जवळजवळ तसंच राहतं. पण उरतं किती, हे आधी किती पक्कं शिकलं होतं यावर ठरतं. चिनीसाठी संध्याकाळची वीस मिनिटं काढणाऱ्या रायपूरच्या मराठी तरुणानं त्यातली पाच आजीच्या शब्दांच्या कार्डांना द्यावीत, आवाज आजीचाच घालावा. चिनीच्या कार्डांना जे वाक्य बापटांसारखं ग्रंथात शोधावं लागतं, ते या शब्दांसाठी आज अजून घरातच बोललं जातं.