पाण्याला वाट, हवेला खिडकी

सासूबाई गेल्या त्याला आता तीन वर्षे झाली. त्यांच्यामागे अण्णांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, बोलणेच आटले. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत यंत्रांच्या खडखडाटात उभे आयुष्य काढलेला हा माणूस घरातल्या शांततेला मात्र बिचकू लागला. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या माझ्या मुलाने आजोबांची ही अवस्था पाहिली आणि चार फुटी मत्स्यालय घरी आणवले. त्यात सहा गोल्डफिश सोडले. पुढच्या खोलीत, अण्णांच्या खाटेसमोरच ते ठेवले गेले.

अण्णा माशांत रमले. सकाळी चहाच्या आधी माशांचे खाणे, संध्याकाळी काच पुसणे. दिवसभरात चार शब्द बोलायचे तेही माशांशीच! पण आम्हाला तेवढेही पुरेसे होते.

अडचण रात्री सुरू झाली. या पेटीच्या मागच्या कोपऱ्यात काचेचा एक अरुंद कप्पा आहे. पेटीतले जास्तीचे पाणी दातेरी कडेवरून त्या कप्प्यात पडते. तिथे उभ्या असलेल्या पाइपातून ते खालच्या कपाटातल्या टाकीत उतरते, स्पंजातून गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. दिवसा रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात काही जाणवत नसे. रात्री दहानंतर मात्र त्या पाइपाला कंठ फुटायचा. आधी गुडगुड, मग पेल्यातले शेवटचे ताक ओढल्यासारखा लांबलचक सुरका, क्षणभर शांतता आणि पुन्हा गुडगुड. डोळा लागतो न लागतो तोच पुढचा सुरका!

अण्णांनी तक्रार केली नाही. पण त्यांचा रक्तदाब वाढला, डोळे तांबारलेले दिसू लागले. डॉक्टरांनी बजावले, "गोळ्यांइतकीच यांना झोप हवी." एके रात्री अण्णांनी गुपचूप पंप बंद केला. सकाळी पाहतो तो सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करत होते. वाहते पाणी हवेतला प्राणवायू घेते. शिवाय माशांच्या मलमूत्रातून येणारा विषारी अमोनिया पचवणारे सूक्ष्म जीवाणू त्या स्पंजातच राहतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. म्हणजे रात्री पंप बंद ठेवणे हा काही उपाय नव्हता.

दुकानदाराने फोनवर "थोडा आवाज तर होणारच" म्हणून हात झटकले. हे म्हणाले, "अण्णांच्या तब्येतीपुढे मासे काय घेऊन बसलात? देऊन टाकू कुणाला तरी." अण्णा काहीच बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी काच पुसली नाही. मला ते फार लागले. एक सोबत गेली होती, आता दुसरीही जाणार, असे त्यांनी मनाशी धरले होते.

त्याच आठवड्यात न्हाणीघरातले तुंबलेले बेसिन मोकळे करायला प्लंबर आला. जाता जाता त्याने मत्स्यालयाचा सुरका ऐकला आणि हसून म्हणाला, "भाभीजी, शोर पानी नहीं करता, हवा करती है." मग त्याने मलाच विचारले, संडासाच्या पाइपाचे एक तोंड गच्चीवर उघडे का ठेवतात? पाणी धो धो खाली जाताना मागे हवा ओढते. हवेला स्वतःची वाट नसली, तर ती पाण्यातूनच घुसते आणि गुडगुडते.

त्याचे बोलणे मनात घोळत राहिले. आम्हा जबलपूरकरांना याचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. भेडाघाटला धुआँधारपाशी नर्मदा कोसळते, फेसाळते, तिथे शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तीच नर्मदा पुढे संगमरवरी कड्यांमधून वाहते तेव्हा नावेत वल्ह्याचा आवाज तेवढा येतो. एका ठिकाणी पाण्यात हवा मिसळते, दुसऱ्या ठिकाणी पाणी पात्र भरून संथ जाते. मार्सेल मिन्नार्ट नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ साली दाखवून दिले, की वाहत्या पाण्याचा खळखळाट प्रामुख्याने त्यातल्या हवेच्या थरथरणाऱ्या बुडबुड्यांचा असतो. बुडबुडा मोठा, तर स्वर खर्जातला. गळक्या नळाच्या 'टप्' आवाजामागेही पाण्याखाली अडकलेला इवलासा बुडबुडाच असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ साली सिद्ध केले. बादलीतल्या पाण्यात थोडा भांडी घासण्याचा द्रवसाबण टाकला, तर तो आवाज थांबतो. अर्थात माशांच्या पाण्यात साबणाचा थेंबही जाता कामा नये!

रविवारी प्लंबरला पुन्हा बोलावले. अण्णांच्या हाती टॉर्च दिला, कारण कारखान्यातली नजर त्यांचीच होती. आधी आम्ही पंप बंद करून पाहिला. वरचे किती पाणी खाली उतरते आणि खालच्या टाकीत ते मावते की नाही, याची खात्री केली. वीज गेली म्हणजे हेच घडणार असते.

मग तीन कामे केली. पहिले, कप्प्यातल्या पाइपाची उंची वाढवली. आता कप्प्यातले पाणी दातेरी कडेच्या जेमतेम दोन बोटे खाली राहते. फूटभर कोसळणारे पाणी नुसते ओघळू लागले आणि धबधब्याचा आवाज गेला. दुसरे, पाइपाच्या डोक्यावर पीव्हीसीची 'टी' बसवली. तिच्या आडव्या तोंडाला खाली वळलेला एल्बो लावला, म्हणजे पाणी पृष्ठभागाखालूनच आत शिरते, भोवरा होत नाही. 'टी'च्या वरच्या तोंडाला टोपण लावून त्याला बारीक भोक पाडले. ही हवेची खिडकी! परदेशातले मत्स्यपालक या रचनेला रिचर्ड डर्सो या हौशी मत्स्यपालकाच्या नावाने ओळखतात. तिसरे, पाइपाचे खालचे टोक टाकीतल्या पाण्यात इंचभरच बुडेल असे कापले. जास्त खोल गेले, तर आत कोंडलेली हवा ढेकर दिल्यासारखी बाहेर पडते.

खरी कसोटी त्या भोकाची होती. भोक फार लहान असले, तर पाइप पाण्याने गच्च भरतो, कप्पा एकदम ओढून रिकामा करतो आणि सुरका मारतो. फार मोठे असले, तर हवेची सूसू सुरू होते. अण्णांनी टोपणात हवापंपाच्या नळीची छोटी चावी बसवायला सांगितली आणि कान लावून ती केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवू लागले. हे करताना ते बोलत होते. लेथवर आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा ते, आणि रात्रपाळीहून परतल्यावर सासूबाई जेवणासाठी कशा जाग्या असायच्या तेही. दोन तास! मी पदराने डोळे टिपत चहा ठेवला.

अखेर पाइप गप्प झाला. पंपाची मंद घरघर तेवढी उरली.

ज्यांच्या घरी असे मत्स्यालय असेल, त्यांना एकच सावधगिरीची सूचना. आवाज बंद करायचा म्हणून पाइपात बोळा कोंबू नका, की एकुलत्या एका पाइपाला चावी लावून पाणी आवळू नका. एखादे पान किंवा गोगलगाय अडकली, तर पंप वर पाणी टाकतच राहील आणि सगळे पाणी फरशीवर येईल. पाणी आवळायचेच असेल, तर शेजारी दुसरा मोकळा पाइप हवाच. आणि 'टी' सिमेंटने कायमची चिकटवू नये. महिन्याकाठी काढून धुता आली पाहिजे.

त्या पहिल्या शांत रात्री दोनच्या सुमारास अण्णा उठले. आवाज येत नाही म्हणून मासे जिवंत आहेत ना, ते पाहायला! सहाही मासे सुखरूप पाहून ते जे झोपले, ते सकाळी सातला जागे झाले. रक्तदाबाच्या गोळ्या अजून चालू आहेत, पण देऊन टाकण्याचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. परवा शेजारच्या वहिनी स्वयंपाकघरातले सिंक गुडगुडते म्हणून सांगत होत्या. अण्णा आतल्या खोलीतून काठी टेकत बाहेर आले आणि, कुणी विचारले नसताना, म्हणाले, "आधी हवेची सोय बघा."