धूसर, म्हणूनच जवळची

छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनच्या हाती कॅमेरा आला तेव्हा ती 48 वर्षांची होती. 1863 च्या नाताळच्या सुमारास लेक-जावयाने विरंगुळा म्हणून तो दिलेला. इंग्लंडमधल्या वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटरमधल्या घरी तिने कोंबड्यांचे खुराडे रिकामे करून स्टुडिओ थाटला; कोळशाच्या कोठीची डार्करूम झाली.

काचेवर कलोडियन या चिकट द्रावणाचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळायच्या आत चित्र उमटवून घ्यायचे. बोटे काळी पडत. समोरच्याने कित्येक मिनिटे निश्चल बसायचे. पण जिवंत माणूस श्वास घेतोच, मान किंचित ढळतेच. तिच्या काळच्या छायाचित्रकारांनी नाके मुरडली: फोकस नाही, काचेवर डाग. ती मात्र भिंग फिरवता फिरवता डोळ्यांना जिथे सुंदर दिसे तिथेच थांबायची. तिच्या चित्रांतल्या त्या हलत्या कडांत मला बसलेल्या माणसाचा श्वास दिसतो. 1867 मधले जॉन हर्शेल पाहा. विस्कटलेले पांढरे केस, काळोखातून पुढे आलेले थकलेले डोळे. इतका मोठा खगोलशास्त्रज्ञ, पण आधी दिसतो तो म्हातारा माणूस.

हीच नजर तिने घरातल्या मोलकरणींनाही दिली, आणि माझा जीव जडला तो इथेच. मेरी हिलियर तिच्या कितीतरी चित्रांत येशूची आई झाली. मेरी रायन ही आयरिश भिकारणीची मुलगी. कॅमेरॉनने तिला घरी आणून वाढवले. लंडनच्या प्रदर्शनात तिचा फोटो पाहून हेन्री कॉटन नावाचा तरुण भाळला, असे सांगतात. 1867 मध्ये त्यांचे लग्न झाले. हेच कॉटन पुढे काँग्रेसच्या 1904 च्या मुंबई अधिवेशनाचे अध्यक्ष!

ज्युलियाचेही भारताशी नाते होते: जन्म कलकत्त्याचा, 1815 चा. नवरा चार्ल्स हा मेकॉलेच्या विधी आयोगातला. भारतीय दंड संहितेच्या मसुद्यामागे तोही होता. 1875 मध्ये दोघे सिलोनला कॉफीच्या मळ्यांकडे गेले. तिथेच 1879 मध्ये ती वारली. तिथल्या थोड्याच चित्रांत मजूर आहेत, गावकरी आहेत, चेहऱ्यांवर तोच हळुवार उजेड आहे. पण बहुतेकांची नावे नाहीत. ‘कळुतराचे शेतकरी’ एवढेच. मोलकरणींना नावानिशी ओळखणाऱ्या या बाईने ती का टिपली नाहीत? मला हे फार लागते. तिच्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे.