सिरम कुणाचं?

पंधरा वर्षं मी एक वाक्य सगळ्यांना सांगत आले, "आमच्या लॅबमध्ये प्राणी मारत नाहीत." नातेवाइकांना सांगितलं, शाळेतल्या मुलांना सांगितलं, नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना तर पहिल्याच दिवशी सांगितलं. आता ते वाक्य मी म्हणत नाही.

माझं काम सीएचओ पेशींवर चालतं. चायनीज हॅम्स्टर ओव्हरी हे त्यांचं पूर्ण नाव. लॅबमध्ये सगळे 'चो'च म्हणतात. चिनी हॅम्स्टर हा मुठीत मावणारा, उंदरासारखा प्राणी. १९५७ साली अमेरिकेत डेन्व्हर इथे थिओडोर पक यांनी अशा एका मादीच्या अंडाशयाचा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवल्या. माणसाची गुणसूत्रं ४६, या प्राण्याची फक्त २२. सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला सोपी, म्हणून पक यांना तो सोयीचा वाटला. त्या पेशी वाढतच राहिल्या. आज जगभरातले चो त्या एकाच मादीचे. १९८७ मध्ये हृदयविकारात रक्ताची गुठळी विरघळवणारं टीपीए हे औषध त्यांच्यातून आलं. पुढे डायलिसिसवरच्या रुग्णांना लागणारं एरिथ्रोपोएटिन आलं, स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब आलं. कुत्रा चावल्यावर जखमेत टोचायच्या अँटिबॉडी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढाव्या लागत. आता पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची रेबीशील्ड याच पेशींत तयार होते. एवढं सगळं एका हॅम्स्टरच्या जिवावर! मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

माझी आई माळकरी. मी या कामाला लागले तेव्हा तिने एकच विचारलं होतं, "जीव मारावे लागतात का गं?" मी तिला डेन्व्हरची गोष्ट सांगितली. तिचं समाधान झालं.

काही वर्षांपूर्वी विज्ञानदिनाला लॅब लोकांसाठी खुली होती, तेव्हा ती आली. मी तिला सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आणि यांना खायला काय घालतेस?"

"क्षार, साखर, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं. आणि थोडं सिरम."

"सिरम म्हणजे?"

"रक्त गोठल्यावर वर राहतं ते पाणी."

"कुणाच्या रक्ताचं?"

तेवढ्यात मुलांचा एक घोळका आत आला आणि मी त्यांच्याकडे वळले. घोळका आला नसता तरी मी काहीतरी कारण काढलंच असतं.

कारण उत्तर मला माहीत होतं. सिरमची अर्ध्या लिटरची बाटली, आतला द्रव मधाच्या रंगाचा, लेबलवर ठळक अक्षरांत 'फीटल बोव्हाइन'. कत्तलखान्यात आलेली गाय गाभण निघाली, तर ती कापल्यावर पोटातलं वासरू बाहेर काढतात आणि सुई थेट त्याच्या हृदयात घालून रक्त ओढतात. त्या रक्ताचं हे सिरम. शंभर मिलिलिटर मीडियात, म्हणजे पेशींच्या द्रव खाद्यात, ते दहा मिलिलिटर घालायचं, हे मी हाताखालच्या प्रत्येक मुलाला शिकवलं होतं. पेशींच्या खाद्यात ते वापरायची पद्धत घातली तीही पक यांनीच, चो जन्मले त्याच सुमारास. म्हणजे एका हॅम्स्टरची जी गोष्ट मी सांगत होते, तिच्यात पहिल्यापासूनच वासरं होती. मी तेवढा भाग गाळत आले.

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत होते की त्याला इलाज नाही. सिरमशिवाय पेशी वाढवणं हे मोठ्या औषध कंपन्यांचं काम. ब्रिटनमध्ये गायींना मेंदूचा रोग झाल्यावर त्यांनी गायीच्या पदार्थांची धास्ती घेतली. शिवाय सिरममधली प्रथिनं नसली की औषध शुद्ध करणं सोपं. आपल्यासारख्या छोट्या लॅबला ते कुठून जमणार?

त्या विज्ञानदिनानंतर मी रिचर्ड हॅम यांचा १९६५चा निबंध काढून वाचला. आम्ही चोंना रोज देत होतो तो गुलाबी मीडिया 'हॅम्स एफ-१२' त्यांचाच. हा मीडिया बनवला होता तो चोच्या एकेकट्या पेशीपासून सिरमशिवाय वसाहत वाढावी म्हणूनच. आणि आम्ही त्याच मीडियात दहा टक्के सिरम ओतत होतो, आमच्या आधीच्यांनी ओतलं म्हणून. पंधरा वर्षं वापरलेल्या मीडियाचा मूळ निबंध मी वाचलेला नव्हता. 'इलाज नाही' हे माझं म्हणणं तिथेच संपलं.

मग आम्ही सिरम तोडायला घेतलं. त्यासाठी चोंकरिता मिळणारा प्राणिज घटक नसलेला तयार मीडिया मागवला. दहा टक्क्यांवरून पाच, मग अडीच, मग एक, अर्धा. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन पॅसेज, म्हणजे वाढलेल्या पेशी तेवढ्या वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवायच्या. पहिल्या खेपेला आम्ही घाई केली. एका सकाळी ट्रिपॅन ब्लू घालून मोजायला बसले तर सगळं निळंच निळं. मेलेली पेशी तो रंग आत घेते, जिवंत पेशी घेत नाही. दुसऱ्या खेपेला एक टक्क्यावर थांबलो आणि पेशींची वाढ पूर्ववत होईपर्यंत हललोच नाही. हळूहळू फ्लास्कच्या तळाला चिकटून पसरणारे चो सुटे झाले, गोल झाले, मीडियात तरंगू लागले. सुरुवातीला गुठळ्या व्हायच्या, पुढे त्याही कमी झाल्या. तरंगत्या पेशी तळापासून सोडवाव्या लागत नाहीत, म्हणून डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं ट्रिप्सिनही या कामापुरतं सुटलं. शून्य टक्के सिरममध्ये पेशी दिवसाला दुप्पट होताना पाहिल्या त्या दिवशी मी वहीत तारीख लिहिली आणि बराच वेळ काही बोलले नाही.

सिरमची प्रत्येक खेप वेगळी असते, त्यामुळे निकाल बदलतात. ते सोडल्यावर प्रयोग जास्त सारखे येऊ लागले. बैठकीत सांगायला हे कारण सोयीचं आहे. पण माझं मत त्याने बदललेलं नाही. ते वासरामुळे बदललं, आणि बैठकीतही मी आता तसंच सांगते.

प्राण्यांच्या पेशींवरचं संशोधन बंद करा, असं मी म्हणत नाही. चोंनी वाचवलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. आमच्या फ्रीझरमध्ये आजही सिरमच्या दोन बाटल्या आहेत, कारण इतर काही पेशी त्याच्याशिवाय आम्हाला अजून जगवता आलेल्या नाहीत. जिथे ते लागतं तिथे लागतं असं सांगावं. चोंना ते लागत नाही, आणि तरीही कितीतरी लॅबमध्ये ते सवयीने ओतलं जातं.

आईला मी त्या प्रश्नाचं उत्तर चार महिने उशिरा दिलं, ती वारीहून आल्यावर. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता किती कमी झालं?" चोंपुरतं पूर्ण बंद झालंय, म्हटलं. बाकीचं कधी, हे तिने विचारलं आणि मला तारीख देता आली नाही.

चो वाढवणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या गाइडना माझी विनंती आहे: पुढची बाटली मागवण्याआधी हॅम यांचा निबंध वाचा, आणि एक फ्लास्क सिरमशिवाय लावून पाहा. अडलात तर आमच्याकडे या. आमच्या पेशींची एक कुपी आणि फसलेल्या खेपेची वही, दोन्ही देऊ.