छंदासाठी आणि तांत्रिक शिक्षणासाठी लॅपटॉप कोणता घ्यावा?



दहावी-बारावीचा निकाल लागला की शाळेत पेढ्यांबरोबर एक प्रश्नही येतो. "सर, लॅपटॉप कोणता घेऊ?" मी तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवतो आणि इलेक्ट्रॉनिक्सचा मला जुना छंद आहे, म्हणून हा प्रश्न बहुतेक वेळा माझ्याच टेबलावर येतो. दुकानदार अशा वेळी पहिल्यांदा विचारतो, "बजेट किती?" मी विचारतो, "तू त्याच्यावर करणार काय?" हा प्रश्न ऐकून बरेच जण गप्प होतात. ज्याच्यासाठी चाळीस-पन्नास हजार मोजायचे, त्याचं काम काय हे घरात कुणी बोललेलंच नसतं.

तेव्हा आज आपण याच विषयावर जरा सविस्तर बोलू. हा लेख कोडिंग शिकणाऱ्यांसाठी, आर्डुइनोवर प्रयोग करणाऱ्यांसाठी, डिप्लोमा-इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांसाठी आणि ज्यांना यंत्र उघडून बघायची खाज आहे अशा सगळ्यांसाठी आहे.

आधी काम, मग सिस्टीम, मग यंत्र

हा क्रम लक्षात ठेवा. आपण नेमका उलटा क्रम लावतो. आधी चकचकीत लॅपटॉप आवडतो, त्यात जी ऑपरेटिंग सिस्टीम असेल ती पदरात पडते आणि काम मग तिच्याशी जुळवून घेत बसतं.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि आपण यांच्यामधला कारभारी. आपण सांगितलेलं काम ती प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा या सगळ्यांकडून करून घेते. आपल्याकडे मुख्यतः तीन पर्याय दिसतात.

विंडोज सगळीकडे आहे. टॅली, सॉलिडवर्क्स, बऱ्याच ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअर्स आणि कार्यालयांत अजून चालणारे जुने मराठी फाँट यांच्यासाठी विंडोजच लागते. तुमचं रोजचं काम यातलं असेल तर वाद नको, विंडोजच घ्या.

मॅक म्हणजे अॅपलची यंत्रं. बॅटरी खूप वेळ चालते, बांधणी मजबूत असते आणि आयफोनची अॅप्स बनवायची असतील तर मॅक लागतोच. पण हल्लीच्या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत.

तिसरा पर्याय लिनक्स. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या मुलाने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केलं, की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत आहोत. आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतात. उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन, फेडोरा ही त्याचीच वेगवेगळी रूपं. आपल्या सी-डॅक या संस्थेने बनवलेली 'बॉस' ही भारतीय आवृत्तीही आहे आणि तिच्यात मराठी चालतं. केरळमधल्या सरकारी शाळांत तर गेली कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात.

लिनक्स बहुतेक रूपांत फुकट मिळतं, हे खरं. पण शिकणाऱ्यासाठी त्याचा मोठा गुण वेगळाच आहे. आत काय चाललंय ते बघता येतं, बदलता येतं आणि बिघडलं तर पुन्हा टाकता येतं.

मोडायची भीती नसलेलं यंत्र

माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी सायकल कशावर शिकली? भाड्याच्या सायकलवर. तासावर पैसे द्यायचे, मधल्या दांड्याखालून पाय घालून हाफ पॅडल मारायचं, पडायचं, गुडघे फोडून घ्यायचे, परत उठायचं. वडिलांची नवी कोरी सायकल असती तर कुणी हातच लावू दिला नसता.

लॅपटॉपचं तसंच आहे. घरात हप्त्यावर साठ हजारांचा लॅपटॉप आला, की त्याच्याबरोबर "जपून वापर", "काही टाकू नकोस त्यात", "उघडू नकोस, वॉरंटी जाईल" हेही येतं. मुलगा मग त्यावर सिनेमे बघतो आणि असाइनमेंट टाईप करतो. शिकायचं राहूनच जातं. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्याला आधी मोडायची मुभा हवी, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे. ती मुभा स्वस्त, जुन्या आणि उघडता येणाऱ्या यंत्रात जास्त असते.

यंत्र 'जुनं' झालं हे कोण ठरवतं?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार थांबवला. म्हणजे त्या दिवसापासून तिला नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत आहेत. परिणाम असा, की २०१६-१७ सालचे कितीतरी धडधाकट लॅपटॉप कागदोपत्री एकदम म्हातारे झाले.

अशा यंत्रावर जुनी विंडोज तशीच ठेवून बँकेचे व्यवहार करत राहणं धोक्याचं आहे. पण तेच यंत्र भंगारात घालायचीही गरज नाही. लिनक्स मिंटला कमीत कमी २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबी असेल तर बरं पडतं. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की वेगातला फरक मुलांनाही सांगावा लागत नाही. आमच्या प्रयोगशाळेतला निर्लेखनाच्या यादीत गेलेला लॅपटॉप असाच परत कामाला लागला. आज त्याला तापमानाचे सेन्सर जोडून मुलं आलेख काढतात.

एका घरातली गोष्ट

माझ्या एका माजी विद्यार्थिनीला पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. वडील डेअरीला दूध घालतात. ते एका दुकानाचं कोटेशन घेऊन आले. अठ्ठावन्न हजारांचा गेमिंग लॅपटॉप, हप्त्यावर.

"सर, पोरीचं नुकसान नको. तुम्ही सांगाल तो घेतो."

मी म्हणालो, "दादा, आधी तिलाच विचारू. काय गं, काय काय करायचंय त्याच्यावर?"

तिने बोटं मोजली. सी भाषा, आर्डुइनो, सर्किटचं डिझाईन, रिपोर्ट आणि ड्रॉइंगचा एक विषय. यातलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर सोडलं तर काहीच विंडोजवाचून अडणारं नव्हतं. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर, सर्किटसाठी कायकॅड, रिपोर्टसाठी लिब्रेऑफिस, सगळं लिनक्सवर चालतं. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड तर कशालाच लागत नव्हतं.

शेवटी पुण्याहून कंपनीत वापरून झालेला एक बिझनेस लॅपटॉप वीस हजारांच्या आत मिळाला. आठव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. ड्रॉइंगसाठी विंडोज ११ तशीच ठेवली आणि शेजारी मिंट टाकलं. सुरू करताना हवी ती सिस्टीम निवडायची.

सगळं सरळ झालं असं नाही. आर्डुइनो जोडला तर पोर्ट उघडेना. लिनक्समध्ये त्या पोर्टसाठी आपलं नाव 'डायलआउट' नावाच्या गटात घालावं लागतं, हे तिने शोधून काढलं. परवानगी म्हणजे काय हा धडा तिला त्याच दिवशी कळला. महिनाभराने तिने डिस्कचे भाग करताना मिंटच उडवलं. मला फोन आला तेव्हा आवाज रडका होता. मी एवढंच विचारलं, "फाइली दुसरीकडे आहेत ना?" होत्या. "मग रडतेस कशाला? पेनड्राइव्ह लाव आणि परत टाक." संध्याकाळपर्यंत तिने टाकलं. पुढच्या सुट्टीत स्क्रू काढून रॅमही तिनेच वाढवली. वडिलांना यातलं काही सांगावं लागलं नाही, कारण हप्ता थकायचा नव्हता आणि साठ हजारांचं काही मोडलेलं नव्हतं.

आता दुसरी बाजूही सांगतो. त्याच वर्षी एका मुलाला व्हिडिओ एडिटिंग आणि थ्रीडी शिकायचं होतं. त्याला मी जुना लॅपटॉप घेऊ नको असंच सांगितलं. त्या कामाला ताजा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, तिथे काटकसर पुढे महागात पडते. म्हणून म्हणतो, आधी काम.

वापरलेला लॅपटॉप घेताना

१. प्रोसेसरचा आकडा वाचायला शिका. आय-५ ८२५० यू यातला ८ म्हणजे आठवी पिढी. ११३५ जी ७ असेल तर अकरावी. नुसतं "आय-७ आहे" यावर भुलू नका. चौथ्या पिढीच्या आय-७ पेक्षा अकराव्या पिढीचा आय-३ बरा ठरू शकतो.

२. रॅम पट्टीची आहे की बोर्डावर चिकटवलेली, ते विचारा. थिंकपॅड टी-४८० सारख्या मॉडेलमध्ये रॅमच्या दोन खाचा असतात आणि मागची बॅटरी बाहेरून निघते. छंदवाल्यांना हे मॉडेल उगीच आवडत नाही. लॅटिट्यूड, एलिटबुक या बिझनेस मालिकांमधलेही अनेक लॅपटॉप उघडायला सोपे असतात.

३. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

४. बायोसला पासवर्ड नाही ना, हे दुकानातच तपासा. असला तर पुढे पेनड्राइव्हवरून काही सुरू करणंच अडू शकतं.

५. बिजागऱ्या, कीबोर्डचं प्रत्येक बटण, पडद्यावरचे ठिपके, सगळे यूएसबी पोर्ट आणि चार्जर हाताने तपासा. लाजू नका. आपण भाजी घेतानाही वांगं उलटसुलट करून बघतो.

टाकण्याआधी करून बघा

लिनक्स जमेल का ही शंका असेल तर एक पैसाही न घालवता खात्री करता येते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. मिंटची फाईल सुमारे ३ जीबीची असते, ती रुफस किंवा एचर यासारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं यात पुसलं जातं, हे ध्यानात ठेवा. मग लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्हवरून सुरू करा. त्यासाठी बहुधा एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप दाबावं लागतं. डिस्कला हात न लावता सिस्टीम चालू होते.

आता एक वही घ्या आणि खुणा करत जा. वायफाय लागतं का? आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड? झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का? घरचा प्रिंटर चालतो का? इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टाईप होतं का? सगळ्यांपुढे बरोबरची खूण आली तर पुढचं पाऊल टाका. वायफाय किंवा प्रिंटर अडला तर आधी त्याचा उपाय शोधा. आणि खरोखर टाकायच्या आधी सगळे फोटो-फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. त्याला पर्याय नाही.

पालकांना शेवटी एकच विनंती. कोटेशनवर सही करण्याआधी मुलाला किंवा मुलीला एका कागदावर लिहायला सांगा, "या वर्षी मी लॅपटॉपवर ही पाच कामं करणार." कागद कोरा राहिला, तर खरेदी पुढच्या महिन्यावर ढकला. पाच कामं लिहून आली, तर तोच कागद घेऊन दुकानात जा, आणि मुलांनाही बरोबर न्या.