कळपाचे पिलू

मेंढपाळाचा कुत्रा म्हटले की पाश्चात्त्य चित्रांतील कॉली डोळ्यांपुढे येतो, किंवा वेल्समधील आखूड पायांचा कॉर्गी, जो गुरांच्या टाचांना चावे घेत त्यांना हाकतो. आमच्या सोलापूरच्या माळरानावर धनगरांसोबत चालणाऱ्या कुत्र्याचे काम मुख्यतः राखणीचे. मेंढरे वळतात ती धनगराच्या आरोळीने व काठीने. रात्री लांडगा आला, तर त्याच्या व मेंढरांच्या मध्ये कुत्रा उभा राहतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात लांडगे आजही आहेत. तेव्हा हे काम केवळ गोष्टीतले नव्हे. ईयोबाच्या पुस्तकात कळपाच्या कुत्र्यांचा उल्लेख आहे, पण तो माणसांचा हलकेपणा सांगण्यासाठी. ही उपेक्षा अद्याप सरलेली नाही.

ज्वारीची काढणी झाली की आमच्या रानात मेंढरे बसतात. जमिनीला लेंडीखत मिळते, धनगरमामांना धान्य. एका वर्षी कळप पुढे निघाला तेव्हा सात आठवड्यांचे एक पिलू पाय दुखावल्यामुळे चालू शकत नव्हते. मामांनी ते आमच्या स्वाधीन केले आणि बजावले, "पोरांच्या मांडीवर लई वाढवू नगा. शेरडांत निजू द्या, न्हाईतर मेंढराला इसरंल. पावसाच्या तोंडाला न्यायला येतो."

मामांच्या या बोलण्याला शास्त्राचाही आधार आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिलू ज्यांच्या सहवासात राहते, त्यांनाच ते आपले मानू लागते. कोकरांच्या उबेला निजलेले पिलू म्हणूनच पुढे कळपासाठी जीव धोक्यात घालते. आमच्या हाती आलेले आठवडे नेमके तेच होते. तेव्हा पिलाचे अंथरूण आम्ही गोठ्यात, दोन शेळ्यांच्या शेजारी घातले. मुलांची त्यावर नाराजी होती. रात्री ते कुंई-कुंई करी आणि घरात कोणालाच झोप लागत नसे. पण दार कोणी उघडले नाही.

पाय पंधरा दिवसांत बरा झाला. खाण्यास ताकात कुस्करलेली भाकरी, उकडलेले अंडे, शिजवलेले मांस. मेंढराची कच्ची आतडी वा काळीज मात्र कटाक्षाने वर्ज्य. त्यातून कुत्र्याच्या पोटात जंत होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात पाण्याच्या गाठी धरतात. उन्हाचा पारा चाळिशीपार गेल्यावर त्याचे फिरणे पहाटेपुरतेच ठेवले, कारण कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला अंग थंड ठेवावे लागते.

तीन महिने पूर्ण होताच रेबीजची लस टोचली. ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली. शहरातल्या कॉर्गीला ती वेळेवर मिळते. लांडग्याशी व भटक्या कुत्र्यांशी झुंजणारा हा राखणदार मात्र पुष्कळदा तिच्यावाचून राहतो, आणि त्याच्याच शेजारी धनगरांची लेकरे निजतात. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून सहसा कोणी वाचत नाही. पाश्चरने १८८५ साली माणसासाठी लस वापरली. तिला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी वाड्यावरच्या कुत्र्यापर्यंत ती पोहोचायची आहे.

मृगाच्या सुमारास मामा आले. पिलू आता चांगले उंच झाले होते. मुले त्याच्या गळ्याला मिठी मारून बसली. "राहू द्या ना मामा," म्हणाली. मामा आमच्याकडे पाहू लागले. आमचाही जीव त्यात अडकला होता. परंतु राखणदाराच्या कुळातले ते पिलू आमच्या अंगणात भाकरी खात केवळ दार राखील, हे मनाला पटेना. ते शेळ्यांच्या अंगाला अंग घासत उभे होते. आम्ही दावे मामांच्या हाती दिले.

लसीचे कार्डही दिले. मामांना अक्षरओळख नव्हती, म्हणून सांगितले, "पुढची टोचणी ज्वारीच्या काढणीला." तारखेपेक्षा हे त्यांच्या पक्के ध्यानी राहिले. पुढल्या सुगीला मेंढरे रानात बसली तेव्हा मामांनी त्याला आणलेच, शिवाय कळपातली आणखी तीन कुत्री दाव्याला बांधून आणली आणि म्हणाले, "ह्यांनाबी टोचा."