तिसरी शिट्टी कुणासाठी?

दुपारचे चार. व्हर्सिटीचा, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाचा बास्केटबॉल सामना सातला असतो. त्याआधी त्याच जिममध्ये नववीच्या मुलांचा फ्रेशमन सामना होतो, मग दुसऱ्या फळीचा, जेव्ही. बाकांवर वीस-पंचवीस पालक. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या शाळांमधून गेले पंधरा हिवाळे मी हे खालच्या फळीचे सामने खेळवतो आहे. नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टावर खेळत वाढलो आणि इथे येऊन रेफरीचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट अंगात घातला. दर मोसमाच्या तोंडावर आमच्या बैठकीत एक वाद हमखास निघतो: व्हर्सिटीला तीन रेफरी दिले, तर खालच्या सामन्यांना किती? शाळांचा हिशेब सरळ असतो. मुलं लहान, खेळ सोपा, म्हणून रेफरी कमी.

खेळ सोपा, हेच मला मान्य नाही. व्हर्सिटीच्या मुलांच्या हालचालींना वळण लागलेलं असतं. पुढचा पास कुठे जाणार, याचा अंदाज येतो. नववीतल्या मुलाला तो स्वतःलाच नसतो. ड्रिबल सुरू व्हायच्या आत मागचा पाय उचलला जातो, चेंडू निसटतो आणि चौघं एकदम त्यावर झेपावतात. त्यात कोचनी प्रेस, म्हणजे कोर्टभर दाबाचा बचाव लावला, की 84 फूट लांब आणि 50 फूट रुंद कोर्टभर दहा मुलं विखुरतात. दोघांत खेळवताना पुढचा रेफरी, लीड, बेसलाइनवर राहून बास्केटखालची गर्दी बघतो आणि मागचा, ट्रेल, चेंडूमागून येतो. चेंडू एका बाजूला गेला, की पलीकडच्या बाजूची धक्काबुक्की कुणाच्याच नजरेत नीट येत नाही. तिघांत ती बाजू तिसऱ्या रेफरीची, सेंटरची असते. तिसऱ्याचा खरा उपयोग हा.

पण दोनाच्या खाली कधीही जाऊ नये. एका बर्फाच्या संध्याकाळी माझा जोडीदार रस्त्यात अडकला. दोन्ही कोच तयार होते, म्हणून मुलींचा फ्रेशमन सामना मी एकट्याने खेळवला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी चेंडूबरोबर पुढे धावलो आणि पाठीमागे एका मुलीला कोपर लागलं. वळून पाहिलं तेव्हा ती ओठ धरून खाली बसली होती. कोपर कुणाचं, मुद्दाम की चुकून, मी पाहिलंच नव्हतं. तिच्या वडिलांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. सामना रद्द करायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

1891 साली स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ रचला, तेव्हाच्या 13 नियमांतही माणसं दोन आहेत. अंपायरने खेळाडूंकडे बघायचं, फाउल टिपायचे; रेफरीने चेंडूकडे. एका जोडी डोळ्यांनी दोन्ही होत नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. एनबीएने 1978-79 मध्ये तीन रेफरी आणले, खर्चापायी वर्षभरात परत दोनावर आली, आणि 1988-89 पासून तीन कायम केले.

मग सगळीकडेच तीन का नकोत? फ्रेशमनला मी तिसरा मागणार नाही. तिथे चुका इतक्या होतात, की तिसरी शिट्टी आली तर मुलांना खेळायलाच मिळणार नाही. दोघांनी कोणतं सोडायचं हे नीट ठरवावं आणि खेळ चालू द्यावा.

जेव्हीला मात्र तीन हवेत, आणि तिसरा शिकाऊ हवा. तिघांची पद्धत वहीतून शिकता येत नाही. चेंडू पलीकडे गेला की लीड बेसलाइनवरून त्या बाजूला सरकतो, मग सेंटरचा ट्रेल होतो आणि ट्रेलचा सेंटर. एकाने जरी ते टिपलं नाही, तरी दोघं एकाच बाजूला आणि दुसरी बाजू उघडी. ही सवय व्हर्सिटीच्या भरल्या जिममध्ये लावायची का? एनएफएचएस या शालेय खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने 2022 मध्ये सांगितलं, की 2018-19 पासून सुमारे 50,000 पंचांनी काम सोडलं. नवे येतात, पण पहिल्या-दुसऱ्या मोसमातच कोचचा आणि पालकांचा आरडाओरडा ऐकून परत जातात. शेजारी दोन अनुभवी माणसं असली, तर त्यांतले काही टिकतील. शिकाऊला निम्मं मानधन द्यावं लागलं तरी शाळांनी द्यावं. मी माझ्या मानधनातलं थोडं सोडायला तयार आहे आणि बैठकीत तसं बोललोही आहे.

गेल्या जानेवारीत एका जेव्ही सामन्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी आमच्याबरोबर तिसरी होती. पहिला हाफ तिने शिट्टीच वाजवली नाही. मध्यंतरात मी तिला एवढंच म्हटलं, "चेंडू आम्ही बघतो, तू तुझी बाजू बघ." चौथ्या क्वार्टरमध्ये चेंडू माझ्यापाशी असताना पलीकडून शिट्टी आली. बास्केटकडे धावणाऱ्या कटरला डिफेंडरने कमरेला धरलं होतं. माझ्या जागेवरून ते दिसणं शक्यच नव्हतं. मूठ वर, मग स्कोअररच्या टेबलाकडे जाऊन तिने आकडा सांगितला: चोवीस, होल्डिंग. त्या संघाचा कोच काही बोलायला उठला, आपल्या खेळाडूकडे पाहिलं आणि खाली बसला.