बाळ पाळण्याबाहेर पाय टाकते तेव्हा

वाचकहो, शेतीखात्यातल्या माणसाने पाळण्यावर लिहावे याचे तुम्हाला थोडे नवल वाटेल. बी-बियाणे, खते आणि फवारणी यांवर बोलण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. पुण्याच्या कृषि महाविद्यालयात बी. एस्सी. झालो, जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्या पायाखाली घातल्या आणि आज पुणे शहरात बिऱ्हाड आहे. पण विस्तार अधिकारी बांधावरूनच परत फिरत नाही. "साहेब, च्या घेऊन जावा," असे म्हटले की तो घरात येतो, ओसरीवर टेकतो आणि मग घरातले रांगते, धडपडते पोर त्याच्या नजरेस पडतेच. पिकाइतकीच काळजी या पोराची घ्यावी लागते, म्हणून आज हा विषय.

बाळ पाळण्याच्या किंवा लाकडी पलंगाच्या कठड्यावर पाय टाकू लागले की घरात दोन तऱ्हा दिसतात. आजोबा कौतुकाने सांगत सुटतात, "लई चपळ झालंय!" आणि आई धास्तावते. दोघांचेही बरोबर आहे. चढणे हा खोडसाळपणा नव्हे, ती वाढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात आपल्या दिल्लीची मुलेही होती. त्या पाहणीप्रमाणे धरून उभे राहणे साधारण ५ ते ११ महिन्यांच्या दरम्यान येते आणि एकट्याने चालणे ८ ते १७ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे शेजारचे पोर दहाव्या महिन्यात चालले आणि आपले पंधराव्यात, तरी दोन्ही ठीकच. यातून आपण एवढेच घ्यायचे की बाळ कोणत्या दिवशी कठडा ओलांडील याची तारीख कॅलेंडरात सापडत नाही. तयारी आधी करावी लागते. पाऊस येण्याआधी आपण घर शाकारतो ना, तसेच.

बाळ पडते तेव्हा बहुधा डोक्यावरच का पडते, हेही समजून घ्या. मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे आठवा हिस्सा असते, नवजात बाळाचे चौथा हिस्सा. दीड-दोन वर्षांच्या पोराचेही वरचे अंग जडच असते. कठड्यावर छाती आली की तोल पुढे जातो आणि डोके खाली. बादलीत किंवा हौदात डोकावणाऱ्या पोराचे असेच होते.

आता झोळीकडे वळू. साडीची किंवा धोतराची झोळी म्हणजे आपल्या घराघरातला पाळणा. लहान तान्ह्याला ऊब मिळते, आईचे हात मोकळे राहतात. पण बाळ स्वतः कुशीवर वळू लागले, उठून बसू पाहू लागले की झोळीचे दिवस संपले असे समजा. साडीचा पिळा मानेभोवती बसून गुदमरण्याचे प्रकार आपल्या देशात घडलेले आहेत. टांगलेल्या लाकडी पाळण्याचेही तेच. बाळ धरून उभे राहू लागले की हलता पाळणा त्याला फेकून देतो. पाळणा मग पुसूनपासून माळ्यावर ठेवावा, पुढच्या बारशाला उपयोगी पडेल.

कठड्याच्या पलंगाचे साधे नियम आहेत. तळफळी सर्वांत खाली घ्यावी. उशा, लोड, मोठी खेळणी आतून काढावीत, कारण पोर त्यांचीच पायरी करते. दोन गजांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. बाळाची उंची ३ फुटांच्या आसपास आली, किंवा उभे राहिल्यावर कठडा त्याच्या छातीपर्यंतच येऊ लागला, की तो पलंग बंद. आणि बाळ एकदा जरी वरून बाहेर आले, तरी त्या दिवसापासून तो पलंग बंदच. आज सुखरूप उतरले म्हणून उद्या उतरेल असे नाही.

आमच्याच घरात यावर वाद झाला. नात अठरा महिन्यांची असताना एका दुपारी ती पलंगातून उतरून गॅलरीच्या दारापाशी पोचली. दाराला कडी होती म्हणून निभावले. संध्याकाळी घरात सभा भरली. आमच्या मंडळींचे म्हणणे, "अहो, कठड्याला वरून जाळी बांधा, म्हणजे ही चढायचीच नाही." सूनबाई हळूच म्हणाली, "आई, जाळीत तिचा हात-मान अडकली तर? त्यापेक्षा गादीच खाली घालू." मंडळी म्हणाल्या, "जमिनीवर? आणि विंचूकाटा?" मी दोघींचे ऐकून घेतले. सूनबाईचे म्हणणे चौथ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटला लागू होते आणि आजीचे म्हणणे आमच्या गावच्या घराला. शहरातला सल्ला जसाच्या तसा खेड्यात नेता येत नाही, तो असा.

खेड्यात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला रात्री मण्यार चावण्याचा धोका खरा आहे. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, आणि लहान मूल तर सांगूही शकत नाही. म्हणून गावच्या घरी मी वेगळी तोड काढली. जुन्या बाजेचे पाय सुताराकडून कापून ती वीत-दीड वीत उंचीची केली, भिंतीत आणि बाजेत बाळ अडकेल अशी फट ठेवली नाही, आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचून आईने बाळाजवळ झोपायचे. वीतभर उंचीवरून पडले तर पोर रडेल आणि गप्प बसेल. खाली धान्याची पोती, सरपण, अडगळ ठेवू नये. उंदीर आला की त्यामागे साप येतो. विंचू चावला तरी लहान मुलाच्या बाबतीत मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले. पण तो उपचार मिळायला दवाखाना गाठावा लागतो.

मग पोर खाली उतरले, मोकळे झाले. आता काय? काही ठिकाणी त्याला बांधून ठेवतात. एकदा कांद्याच्या खुरपणीला आलेल्या एका बाईने आपल्या पोराचा पाय जुन्या लुगड्याच्या पट्टीने बाभळीला बांधला होता. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "साहेब, बांधला नाही तर हिरीकडं जातोय. मग हजेरी कशी भरू?" या प्रश्नापुढे उपदेश फोल आहे. विहिरीपेक्षा पट्टी बरी, असा तिचा हिशोब होता, आणि तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. पण पट्टी मानेभोवती जाते, उन्हात सावली सरकते, मुंग्या येतात. तिसरी वाट आपण गावाने तिला द्यायला हवी. आठ-दहा बाया एका वावरात असतील तर त्यांतल्या एकीने आळीपाळीने फक्त पोरे सांभाळायची आणि तिची हजेरी मालकाने पूर्ण धरायची. काही बागाईतदारांनी माझ्या सांगण्यावरून हे केले, त्यांचे काम अडले नाही. सरकारची 'पाळणा' नावाची योजनाही आहे. तिच्यात ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरात ठेवता येते. आपल्या भागात ती आहे का, हे अंगणवाडीताईंना विचारा, नसेल तर ग्रामसभेत मागणी करा.

घरातही हाच नियम लावा. चार माणसे घरात असली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे लक्ष आहे. म्हणून उठताना नाव घेऊन सांगावे, "आत्या, बाळ आता तुमच्याकडं." आत्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय जागा सोडू नये.

आता धोक्याच्या जागा. पहिली पाणी. रांगत्या पोराला बुडायला विहीर लागत नाही, बादलीतले वीतभर पाणी पुरते. वापरून झाली की बादली पालथी, हौदाला झाकण, न्हाणीघराला वरची कडी. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार तर मोठ्या माणसालाही निसरडा, वर येता येत नाही. त्याला चहूबाजूंनी तारेचे कुंपण आणि बंद होणारे फाटक पाहिजेच. शिवाय काठाला पक्क्या खुंटाला बांधलेला, गाठी मारलेला दोर पाण्यात सोडलेला असावा.

दुसरी जागा सोडलेल्या बोअरची. फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात सहा वर्षांचा एक मुलगा अशा बोअरमध्ये पडला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने सुमारे १६ तासांनी त्याला जिवंत बाहेर काढले. तो वाचला, सारेच वाचत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगून ठेवले आहे की केसिंगच्या तोंडावर पोलादी झाकण पक्के बसवावे आणि सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत भरून टाकावी. वर ठेवलेला दगड किंवा पोते म्हणजे झाकण नव्हे.

तिसरी जागा माझ्या खात्याची. आपण शेतावरच्या विषाला 'औषध' म्हणतो. मोठ्यांना कळते, पोराला कसे कळावे? कालच आईने 'औषध घे' म्हणून त्याला गोड बाटली पाजलेली असते. डब्यावरच्या चौकटीत खालच्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल म्हणजे अतिशय जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा म्हणजे पिण्याजोगा नव्हे. उरलेले औषध सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नका, मूळ डब्यातच, कुलपाच्या पेटीत ठेवा. ज्या दिवशी बाळ कठडा चढले त्या दिवशी फडताळाची खालची फळी त्याची झाली, आणि महिन्याभरात वरचीही होईल. पोराच्या पोटात विष किंवा रॉकेल गेल्याचा संशय आला तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीचे रॉकेल फुप्फुसात जाते. डबा, बाटली बरोबर घ्या आणि १०८ ला फोन लावून दवाखाना गाठा.

शहरातली घरे सुरक्षित असे मात्र समजू नका. ८ जुलै २०२५ रोजी सकाळी पुण्यात कात्रज भागातल्या एका इमारतीत चार वर्षांची मुलगी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर लोंबकळताना दिसली. आई थोरल्या मुलीला शाळेत सोडायला गेली होती, दाराला कुलूप होते. जवळच राहणारे अग्निशमन दलाचे जवान योगेश चव्हाण त्या दिवशी सुटीवर होते. आरडाओरडा ऐकून ते धावले, आई येताच दार उघडून घेतले आणि मुलीला आत ओढले. खिडकीच्या गजांतून पोर जाणार नाही हा आपला समज असतो. गजांतली फट मोजावी, खिडकीखाली पलंग, खुर्ची, मोडा ठेवू नये, आणि 'दोन मिनिटांत येते' म्हणून पोराला एकटे कोंडू नये. तुमची मुले-सुना शहरात असतील तर हा मजकूर त्यांना वाचून दाखवा.

इतके करूनही पोर पडते. पडल्यावर लगेच रडले, थोड्या वेळात खेळू लागले, तर घाबरू नका, दिवसभर नजर ठेवा. पण शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, आकडी आली, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आले, हाक मारूनही नीट जागे होईना, किंवा एखादा हात-पाय हलवीना, तर हळद दाबत बसू नका, तडक दवाखान्यात न्या. वर्षाच्या आतले बाळ डोक्यावर पडले तर दिसायला बरे असले तरी डॉक्टरला दाखवावेच.

रात्री उठून आलेल्या पोराला मारू नये, 'बागुलबुवा येईल' असे भेवही घालू नये. न बोलता उचलावे आणि त्याच्या जागी निजवावे. दहा वेळा उठले तर दहा वेळा. तेही शिकतेच.

शेवटी एक काम सांगतो, त्याला पैसा लागत नाही. आज सांजवेळी दिवा लागला की घरातल्या कर्त्या माणसाने लाज न बाळगता गुडघ्यावर बसावे आणि पोराच्या उंचीवरून सारे घर एकदा रांगून पाहावे. चुलीवरच्या भांड्याचा कान, लोंबती वायर, कोनाड्यातली उंदराच्या गोळ्यांची पुडी, उघडा हौद, सारे तिथून दिसते. जे हाताशी येईल ते उचलून वर ठेवा, उघडे असेल ते झाका. बायका हसतील, हसू द्या. पोरही तुमच्या मागे रांगत येईल आणि तुमच्या नजरेतून राहिलेली एखादी जागा तेच दाखवून देईल.